वाचनालयात नाव कसं घालावं, आणि कपाटांपाशी पोचल्यावर काय शोधावं

नवीन गावात आलात, खोली मिळाली, डबा सुरू झाला, आणि आता संध्याकाळी वाचायला काहीतरी हवं आहे. किंवा गाव जुनंच आहे, पण शाळा सुटल्यापासून वाचनालयाची पायरी चढलेला नाहीत. दोघांसाठीही हे लिहिते आहे. नोकरीमुळे माझी गावं बदलत राहिली आणि दर ठिकाणी गॅसची नोंदणी झाली की पाठोपाठ वाचनालयाचं काम उरकायचं, अशी सवयच लागली. त्यातून जमलेली ही माहिती.

पुस्तक घरपोच मागवता येत असताना वाचनालय कशाला, हा प्रश्न रास्त आहे. मोबाइलवर आपण ज्याचं नाव आधीच ऐकलं आहे तेच शोधतो. कपाटासमोर उभं राहिलं की ज्याचं नाव कधी कानावर पडलं नव्हतं ते हाताला लागतं. म्हणून या लेखातला अर्धा भाग कागदपत्रांचा असला तरी सगळा खटाटोप कपाटांपर्यंत पोचण्यासाठीच आहे, हे लक्षात असू द्या.

1. आधी खात्री करा की ते वाचनालयच आहे

पहिला सापळा पाटीवरच असतो. पुण्याच्या पेठांत, आणि आता कुठल्याही तालुक्याच्या गावी, ‘लायब्ररी’ अशी ठळक पाटी दिसते. वर गेलात की कप्पे केलेली टेबलं, प्रत्येकाला एक दिवा, एक प्लग, वायफाय आणि लॉकर. ती स्पर्धा परीक्षेच्या मुलांची अभ्यासिका असते. तिथे पुस्तकं आपली आपण न्यायची. अभ्यासिकांची गरज आहे, त्याबद्दल तक्रार नाही, पण तुम्हाला हवी ती जागा ही नव्हे. म्हणून फोनवर विचारताना एकच शब्द वापरा: “तुमच्याकडे देवघेव आहे का?” देवघेव म्हणजे पुस्तक घरी नेणं आणि परत आणणं. हो म्हणाले तर जा.

महाराष्ट्रातली बहुतेक सार्वजनिक वाचनालयं सरकारी नाहीत. ती स्थानिक संस्थांची आहेत, त्यांचं कार्यकारी मंडळ सभासदांतून निवडून येतं, आणि 1967च्या ग्रंथालय कायद्याखाली त्यांना शासनाची मान्यता आणि अनुदान मिळतं. अशी वाचनालयं हजारोंनी आहेत. पाटीवर ‘जिल्हा अ’, ‘तालुका अ’, ‘इतर ब’ असं लिहिलेलं असतं. अ, ब, क, ड हे वर्ग पुस्तकांची संख्या, सभासद, सेवक यांवरून ठरतात. अ वर्ग म्हणजे मोठा संग्रह, स्वतंत्र बालविभाग, बहुधा संदर्भ विभागही. ड वर्ग म्हणजे बऱ्याचदा एक खोली, दोन-चार कपाटं आणि वर्तमानपत्रं. नवख्या माणसाने जवळचं अ किंवा ब गाठावं. आणखी एक गोष्ट: काही राज्यांत ग्रंथालयांसाठी वेगळा कर आहे, आपल्याकडच्या कायद्यात तो नाही. सगळं अनुदानावर आणि वर्गणीवर चालतं. काउंटरवर एकच माणूस सगळं बघत असेल आणि त्याच्या कपाळाला आठ्या असतील, तर त्याचा पगार डोळ्यांपुढे आणा.

जुन्या संस्था शक्य असेल तर सोडू नका. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840चं, पुणे नगर वाचन मंदिर 1848चं. अशा जागी पावणेदोनशे-दोनशे वर्षांचं साचलेलं असतं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय (1893) आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (1898) यांची गोष्ट जरा वेगळी. मराठीत छापलेलं जमेल तेवढं गोळा करून जपायचं, या ईर्षेनेच ती सुरू झाली. जुनं मराठी काही हवं असेल तर पहिली चौकशी तिथे करावी.

गोव्यात असाल तर पणजीच्या पाटो भागातलं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय बघाच. त्याचं मूळ 1832मधलं आणि आताची इमारत नवी, मोठी. बेळगाव आणि बडोद्यातही मराठी पुस्तकांची चांगली सोय आहे. बडोद्यात तर सयाजीराव महाराजांनी 1910मध्ये बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून गावोगाव वाचनालयं उभी केली होती. परदेशात असाल तर नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना आहे. पुस्तकांची पेटी येते, ओळखीच्या घरांत ती फिरते. तुमच्या शहरात आली आहे का, ते तिथल्या महाराष्ट्र मंडळात विचारा.

2. पैसे भरण्याआधी एक संध्याकाळ नुसतं बघून या

ही पायरी लोक गाळतात. गाळू नका. आत जाऊन “सभासद व्हायचा विचार आहे, जरा बघू का?” एवढं म्हटलं तरी पुरतं. बघायच्या गोष्टी अशा.

मुक्तप्रवेश आहे का? म्हणजे सभासदाला कपाटांमध्ये स्वतः फिरता येतं का? हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न. काही वाचनालयांत अजूनही काउंटरवर चिठ्ठी द्यायची, आतून माणूस पुस्तक आणून देणार, अशी पद्धत आहे. पुस्तकं चोरीला जातात, जागा बदलतात, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण शियाळी रंगनाथन यांनी 1931मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच हे की पुस्तकं वापरासाठी असतात. त्यांच्या जन्मदिवशी, 12 ऑगस्टला, आपण ग्रंथपाल दिन साजरा करतो आणि कपाटाला कुलूप मात्र तसंच ठेवतो. दोन वाचनालयांत निवड करायची असेल तर पुस्तकं थोडी कमी असली तरी चालतील, मुक्तप्रवेश असलेलं घ्या.

वेळ काय आहे? पुष्कळ ठिकाणी सकाळी आणि संध्याकाळी उघडं, दुपारी बंद. साप्ताहिक सुट्टी रविवारीच असते असं नाही. देवघेवीची वेळ आणि वाचनालय बंद होण्याची वेळ वेगळी असू शकते. साडेसातपर्यंत उघडं असलं तरी पुस्तक सातनंतर बदलून मिळत नाही, हे आधी कळलेलं बरं.

नवीन पुस्तकं कुठे ठेवली आहेत? दाराजवळ ‘नवीन दाखल’ असा फळा किंवा काचेचं कपाट असतं. त्यातली सगळ्यांत ताजी पुस्तकं कोणत्या सालची आहेत ते पाहा. तिथेच खरेदी किती नियमित आहे ते कळतं.

आणि वाचन कक्षात दहा मिनिटं बसा. वर्तमानपत्रांचा कक्ष बहुतेक सगळीकडे मुक्तद्वार असतो. सभासद नसलात तरी चालतं. सकाळी तिथे निवृत्त मंडळींचं राज्य असतं. एकच पेपर पान-पान सुटा करून चौघे वाचत असतात, आणि अग्रलेखाचं पान हातात असलेल्याकडे बाकीचे तिघे अधूनमधून नजर टाकत असतात. त्यांच्यातल्या एखाद्याला “इथे पुस्तकं चांगली मिळतात का?” असं विचारून बघा. माहिती मिळेलच, वर गेल्या निवडणुकीत कोणतं पॅनल पडलं तेही कळेल.

3. कागदपत्रं

संस्थेगणिक फरक असतो, पण एवढं बरोबर असलं की दुसरी खेप पडत नाही:

- ओळखपत्र (आधार चालतं) आणि त्याची झेरॉक्स
- आत्ताच्या पत्त्याचा पुरावा: वीजबिल किंवा भाडेकरार. आधारवर गावाकडचा पत्ता असेल तर भाडेकराराची प्रत नक्की न्या
- पासपोर्ट आकाराचे दोन फोटो
- एखाद्या जुन्या सभासदाची शिफारस म्हणून सही. सगळीकडे लागत नाही, पण जुन्या संस्थांच्या अर्जावर ती ओळ अजून असते
- रोख पैसे. क्यूआर कोड लावलेला असला तरी ‘आज तो बंद आहे’ हे उत्तर ऐकायची तयारी ठेवा

गावात नवीन आहात आणि सही द्यायला ओळखीचं कोणी नाही, तर तसं सरळ सांगा. घरमालक, ऑफिसातलं कोणी, शेजारच्या काकू, यांपैकी कोणीतरी सभासद निघतंच. नाहीच निघालं तर ग्रंथपाल बहुधा थोडी जास्त अनामत घेऊन किंवा ऑफिसच्या ओळखपत्रावर काम भागवतात.

4. वर्गणीचा कोणता प्रकार घ्यावा

पैसे तीन प्रकारचे: प्रवेश फी (एकदाच, परत मिळत नाही), अनामत (परत मिळते) आणि वर्गणी (मासिक, तिमाही, सहामाही किंवा वार्षिक). अनामतीची पावती वेगळी मागून घ्या आणि तिचा फोटो काढून ठेवा. हे का ते शेवटी सांगते.

वर्गणीत पुन्हा प्रकार असतात: एका वेळी एक पुस्तक, दोन पुस्तकं, पुस्तक आणि मासिक. सुरुवातीला ‘एक पुस्तक, एक मासिक’ घ्यावं. दोन पुस्तकांचा मोह होतो, पण दुसरं घरात तसंच पडून राहतं आणि दंड दोन्हींचा लागतो. वर्षाची वर्गणी एकदम भरली तर सवलत मिळते. बदलीची नोकरी असेल तर मात्र तिमाहीवर थांबा. मुलं असतील तर बालविभागाची वर्गणी स्वतंत्र आणि अगदीच कमी असते, ती घालून टाका.

आजीव सभासदत्वाचाही फॉर्म पुढे केला जाईल. ते मतदानाच्या हक्कासाठी असतं, की पुस्तकांसाठीही, ते विचारून घ्या. काही संस्थांत आजीव सभासदालाही पुस्तक न्यायला निराळी वर्गणी भरावी लागते.

5. कपाटांची मांडणी समजून घ्या

आता खरी गंमत. सभासद कार्ड हातात आलं की पहिल्या दिवशी पुस्तक घेण्याची घाई करू नका. फिरा.

मोठ्या आणि सरकारी ग्रंथालयांत पुस्तकाच्या पाठीवर आकडे असतात. ही ड्यूई पद्धत, म्हणजे प्रत्येक विषयाला एक ठरलेला आकडा. तिच्यातला एकच आकडा लक्षात ठेवलात तरी खूप झालं: 891.46 म्हणजे मराठी साहित्य. पुढचा 1 असला तर कविता, 2 नाटक, 3 कथा-कादंबरी. म्हणून 891.463 या कपाटापाशी कायम गर्दी आणि 891.461 पाशी शुकशुकाट. भारताचा इतिहास 954, स्वयंपाक 641.5, चरित्रं बऱ्याच ठिकाणी 920. एवढ्यावर सहज निभावतं.

गावातल्या वाचनालयांत मात्र बहुधा आपली घरगुती पद्धत असते. कादंबरी, कथा, चरित्र, नाटक, प्रवास, ललित, धार्मिक, संकीर्ण असे विभाग, आणि आत लेखकाच्या आडनावाने मांडणी. किंवा, आणि हे फार ठिकाणी आहे, नुसत्या दाखल क्रमांकाने. दाखल क्रमांक म्हणजे पुस्तक वाचनालयात आलं त्या वेळी नोंदवहीत मिळालेला क्रमांक. नवखा माणूस या मांडणीला वैतागतो, कारण एकाच लेखकाची पुस्तकं चार भिंतींवर विखुरलेली असतात. मला ती मनापासून आवडते. एका फळीवर एकाच वर्षी विकत घेतलेली पुस्तकं शेजारीशेजारी उभी असतात: त्या वर्षी गाजलेली कादंबरी, तिच्या बाजूला संधिवातावरचं पुस्तक, मग कुणीतरी देणगी दिलेला कवितासंग्रह, मग सहकारी चळवळीचा इतिहास. 1978 सालच्या मध्यमवर्गाचं डोकं उघडून बघावं तसं दिसतं. अशा वाचनालयात शोधायचं पुस्तक शोधू नका, ते काउंटरवर मागा. तुम्ही एक फळी धरा आणि टोकापासून टोकापर्यंत बघत जा. दर खेपेला एक फळी.

कोणत्याही मांडणीत तीन जागा चुकवू नयेत असं माझं मत आहे.

एक, पुनर्बांधणी केलेली पुस्तकं. वाचून वाचून खिळखिळं झालेलं पुस्तक वाचनालय पुठ्ठ्यात बांधून घेतं. मरून किंवा काळं रेक्झिन, मुखपृष्ठ गायब, पाठीवर पांढऱ्या रंगाने लिहिलेलं आणि अर्धं पुसलेलं नाव. आकर्षक असं त्यात काहीही नाही, म्हणून नव्या सभासदांचा हात तिकडे जात नाही. पण न वाचलेल्या पुस्तकाला कोणी बांधणी करत नाही. ते एकेक काढून शीर्षकाचं पान बघा.

दोन, स्थानिक विभाग. प्रत्येक गावच्या वाचनालयात कुठेतरी कोपऱ्यात त्या तालुक्यावरची पुस्तकं असतात: शाळेच्या शताब्दीची स्मरणिका, एखाद्या वकिलांचा गौरवग्रंथ, गावच्या नदीवर, देवस्थानावर, नाटक मंडळीवर कुणीतरी पदरचे पैसे घालून छापलेलं पुस्तक. हे दुसरीकडे कुठेही मिळणार नाही, ऑनलाइन तर नाहीच. लिहिणं ओबडधोबड असतं, कंटाळवाणी पानं असतात, फोटोंखाली अर्धी नावं चुकलेली असतात. तरी नवीन गाव समजून घ्यायला याहून चांगलं साधन नाही. जिल्ह्याचं गॅझेटिअरही, म्हणजे जिल्ह्याची सगळी माहिती देणारा सरकारी ग्रंथ, याच कपाटात सापडेल.

तीन, अनोळखी माणसांची आत्मचरित्रं. मराठीत हा ऐवज दांडगा आहे. मोठ्या लोकांची बाजूला ठेवा, ती कधीही मिळतील. खेड्यातला डॉक्टर, प्राथमिक शिक्षिका, गिरणीतला कामगार, नाटक कंपनीतला पडद्यामागचा माणूस अशांनी एकच पुस्तक लिहिलेलं असतं, आणि सगळं आयुष्य त्यात ओतलेलं असतं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून दलित आत्मकथनांनी तर मराठी गद्याची भाषाच बदलली. त्या फळीवर गेलात तर गाजलेल्या चार-पाच नावांपुढेही जा.

6. उभ्या उभ्या पुस्तक पारखणं

पाठराखणीच्या, म्हणजे मलपृष्ठावरच्या, मजकुरावर जाऊ नका. तिथे प्रत्येक पुस्तक ‘मराठी साहित्यात मोलाची भर घालणारं’ असतं. आपण कलिंगड वाजवून बघतो तशा पुस्तकाच्याही काही खुणा आहेत.

आधी मागचं पान उघडा. तिथे परतीच्या तारखांचे शिक्के मारलेली चिठ्ठी चिकटवलेली असते. संगणक आल्यावर काही ठिकाणी ती बंद झाली, पण जुन्या पुस्तकांत आहे. शिक्के वाचायला शिका. 1985 ते 1990 दर पंधरा दिवसांनी शिक्का आणि मग एकदम शुकशुकाट, म्हणजे त्या काळाचं लोकप्रिय पुस्तक. बघा, पण जपून. वर्षाला एक-दोनच शिक्के, पण तीस वर्षं न चुकता, असं पुस्तक दिसलं तर मी ते न बघता घेते. कुणीतरी कुणाला तरी त्याबद्दल सांगत आलेलं असतं.

मग शीर्षकाच्या पानाची मागची बाजू. प्रथमावृत्ती कधीची, पुढच्या आवृत्त्या किती, पुनर्मुद्रण की सुधारित आवृत्ती. माहितीपर पुस्तकात हे फार महत्त्वाचं. शेअर बाजारावरचं किंवा कायद्यावरचं पुस्तक वीस वर्षांपूर्वीचं असेल तर ते इतिहास म्हणून वाचा, सल्ला म्हणून नको. अनुवाद असेल तर मूळ भाषा कोणती आणि अनुवाद थेट त्या भाषेतून केला आहे की इंग्रजी-हिंदीवरून, ते इथेच कळतं. अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर ठळक असेल तर बहुधा प्रकाशकाने काम मनावर घेतलेलं असतं. नाव कुठेच नसेल तर पुस्तक परत ठेवा.

त्यानंतर मधलं पान. पहिलं पान सगळेच घासूनपुसून लिहितात. चाळिसाव्या किंवा नव्वदाव्या पानावर एक परिच्छेद वाचा. तिथे लेखक बेसावध असतो. वाक्यं एकमेकांना धरून चालली आहेत का, काहीतरी डोळ्यांपुढे येतं आहे का, एवढंच बघायचं. पान उलटावंसं वाटलं की झालं.

चरित्र, इतिहास, विज्ञान असं काही असेल तर शेवटी सूची आहे का ते बघा. मराठीत सूची देण्याचा आळस फार आहे. ज्यांनी व्यक्तिनामांची आणि संदर्भांची सूची दिली आहे त्यांनी बाकीचं कामही बहुधा चोख केलेलं असतं. तीनशे पानांच्या चरित्रात तारीखच सापडत नसेल, तर ते चरित्र नसून आरती आहे.

आणि समासातल्या नोंदी. पुस्तकात लिहू नये हे खरंच, तुम्ही लिहू नका. पण आधीच्यांनी लिहिलेलं वाचायला हरकत नाही. शेवटच्या पानावर पेन्सिलीने ‘वेळ फुकट गेला’ आणि त्याखाली दुसऱ्या अक्षरात ‘मग शेवटपर्यंत कशाला वाचलंत?’ हे मी स्वतः वाचलं आहे. ते पुस्तक अर्थातच घरी आणलं. प्रश्न विचारणाऱ्याचं बरोबर होतं.

सापळा: पुस्तक नोंदवण्याआधी सगळी पानं भराभर चाळा. बांधणी करताना सोळा पानांचा आख्खा फॉर्म (एकत्र छापून दुमडलेला पानांचा गठ्ठा) गळलेला असू शकतो, आणि रहस्यकथांची शेवटची पानं फाडणारा एक महाभाग गावोगावी असतो. फाटलेलं काही दिसलं तर तिथल्या तिथे काउंटरवर दाखवून नोंद करून घ्या. नाहीतर परत करताना ते तुमच्या नावावर पडतं.

7. काउंटरच्या अलीकडचं टेबल

घाईत असाल आणि फिरायला वेळ नसेल, तर परत आलेल्या पुस्तकांचं टेबल बघा. ती अजून कपाटात लागलेली नसतात. गावातल्या कुणीतरी काल-परवा वाचून आणून दिलेली पुस्तकं म्हणजे आयती निवड. शनिवार-रविवारी हा ढीग मोठा असतो.

तिथेच बसलेल्या माणसाशी ओळख करा. “काहीतरी चांगलं द्या” म्हणू नका, या वाक्यावर सगळीकडे तीच दहा पुस्तकं पुढे येतात. नेमकं बोला: “मागच्या खेपेचं प्रवासवर्णन आवडलं, पण त्यात खाण्यापिण्याचंच फार होतं. माणसांबद्दल जास्त असलेलं काही आहे का?” चार-सहा खेपा असं बोललात की एके दिवशी ते टेबलाच्या खालून एखादं पुस्तक काढून “तुमच्यासाठी बाजूला ठेवलं होतं” म्हणतील. देवघेवीतल्या बायका-माणसांना कोण काय वाचतं ते पाठ असतं. ‘दादा’, ‘ताई’ म्हणा, ‘हॅलो, एक्स्क्यूज मी’ नको.

8. कपाटात नसलेलं पुस्तक मिळवणं

संगणकावर यादी असेल तर आडनाव आधी टाकून शोधा. शीर्षक पूर्ण टाकू नका, त्यातला एकच सोपा शब्द टाका. ऱ्हस्व-दीर्घ जसं भरलं असेल तसंच लागतं, आणि काही ठिकाणी जुन्या फाँटमध्ये भरलेल्या नोंदी युनिकोडमध्ये शोधल्या तर सापडतच नाहीत. ‘निकाल शून्य’ आला म्हणजे पुस्तक नाही असं समजू नका. माणसाला विचारा.

पुस्तक बाहेर गेलं असेल तर राखून ठेवायची वही असते, तिच्यात नाव घाला. वाचनालयाकडे ते नसेलच तर मागणीची वही असते. तिच्यात लेखक, शीर्षक, प्रकाशक स्पष्ट अक्षरात लिहा. अनुदानातून पुस्तकखरेदी करायचीच असते आणि आर्थिक वर्षाच्या शेवटी तिचा जोर असतो, तेव्हा मागणी दिवाळीनंतर लगेच नोंदवलेली बरी.

काय मागावं हे सुचत नसेल तर साहित्य अकादमीच्या मराठी पुरस्कारांची यादी मोबाइलमध्ये उतरवून ठेवा. ती 1955पासूनची आहे. सगळीच पुस्तकं तुम्हाला आवडतील असं नाही, काही तर का निवडली असा प्रश्न पडेल, पण विसरलेली दोन-चार अशी निघतील की यादीचे कष्ट वसूल होतील.

संदर्भ विभागातली पुस्तकं घरी मिळत नाहीत. तिथे बसून वाचायची, झेरॉक्सची परवानगी मागायची. 1950पर्यंतच्या मराठी पुस्तकांचा माग काढायचा असेल तर शं. ग. दाते यांनी केलेली ग्रंथसूची मागा. 1800पासून छापलेल्या मराठी पुस्तकांची विषयवार नोंद त्यात आहे. एका माणसाने केवढं काम केलं आहे ते बघण्यासाठी तरी हातात घ्या. विश्वकोशाचे खंडही याच खोलीत असतात. ते ऑनलाइनही आहेत, आणि राज्य मराठी विकास संस्था, साहित्य आणि संस्कृती मंडळ यांच्याकडची बरीच पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात.

9. दिवाळी अंक

नोव्हेंबरच्या आधी सूचना फलक बघत राहा. बहुतेक वाचनालयं दिवाळी अंकांची वेगळी योजना काढतात: ठरावीक जादा रक्कम भरा आणि पुढचे काही महिने अंक बदलून न्या. शंभरच्या वर अंक घेणारी वाचनालयं आहेत. विकत घ्यायला गेलं तर चार-पाच अंकांतच तेवढे पैसे जातात. पहिल्या आठवड्यात नाव घाला, कारण गाजलेल्या अंकांसाठी रांग लागते. ती टाळायची तर आधी लहान गावांतून निघणारे अंक उचला. जानेवारी उजाडेपर्यंत मोठे अंक आपोआप मोकळे होतात.

10. दंड, हरवलेलं पुस्तक, आणि गाव सोडताना

मुदत बहुधा पंधरा दिवसांची असते. वेळ पुरत नसेल तर फोन करून मुदत वाढवून मिळते, पुढे कोणी मागणी केलेली नसली म्हणजे झालं. पुस्तक हरवलं तर आजची किंमत भरावी लागते. आधी बाजारात तीच आवृत्ती मिळते का ते बघा, नवीन प्रत आणून देणं बहुतेक ठिकाणी चालतं आणि स्वस्तही पडतं. दुर्मिळ पुस्तकाला किमतीच्या काही पट दंड असतो. पुस्तक दुसऱ्या कुणाला वाचायला देऊ नका, शेजाऱ्यांना तर नाहीच.

गाव सोडताना अनामत परत घ्या. पुष्कळ जण ती सोडून देतात. त्यासाठी लागतात मूळ पावती, सभासद कार्ड, वर्गणी बाकी नसणं आणि साधा अर्ज. पावती हरवली असेल तर आधी काढलेला फोटो कामाला येतो, नोंदवहीतलं पान शोधायला क्रमांक तरी मिळतो. काही संस्थांत ही रक्कम लगेच हातात पडते, काहींत कार्यकारी मंडळाच्या बैठकीत मंजूर व्हावी लागते आणि बैठक महिन्यातून एकदाच असते. म्हणून बदलीची ऑर्डर आली की टेम्पोवाल्याला फोन करण्याआधी हा अर्ज टाका, आणि पैसे खात्यावर हवे असतील तर नाव बँकेत आहे अगदी तसंच लिहा.